पतनानंतरची वाट

महाविद्यालयांतील इंग्रजी साहित्याच्या वर्गांत मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य आपल्याकडील अनेक पिढ्यांनी अभ्यासले आहे. १६६७ साली ते प्रथम प्रसिद्ध झाले. तेव्हा कवीची दृष्टी गेलेली होती आणि सारे काव्य त्याने तोंडी सांगून लिहवून घेतले होते. विषय बायबलच्या पहिल्याच ग्रंथातला. ईश्वराने निर्माण केलेली बाग, तीत आदाम आणि एवा हे पहिले जोडपे, बऱ्यावाईटाचे ज्ञान देणारे एक झाड, त्याचे फळ खाऊ नये अशी आज्ञा आणि ते खाण्यास भरीला घालणारा सर्प. फळ खाल्ले जाते, दोघांना आपल्या नग्नतेची लाज वाटू लागते आणि बागेची वाट त्यांना कायमची बंद होते. पुरुषाच्या वाट्याला घाम, स्त्रीच्या वाट्याला प्रसूतिवेदना आणि दोघांच्याही वाट्याला मृत्यू येतो. ते फळ सफरचंद होते किंवा तो सर्प म्हणजे सैतान होता, असे मूळ कथेत कोठेही म्हटलेले नाही. हे तपशील पुढच्या परंपरेने भरले. पण कथेचा गाभा मात्र तोच राहिला. अज्ञानात सुख होते, ज्ञान झाले आणि मनुष्य पडला.

या घटनेला इंग्रजीत नुसते ‘फॉल’ म्हणतात. कोणाचे, कोठून, केव्हा, हे सांगावे लागत नाही. एवढ्या एका शब्दाभोवती युरोपचे दीड हजार वर्षांचे नीतिचिंतन आणि साहित्य फिरत राहिले. त्याला सिद्धान्ताचे रूप दिले ते उत्तर आफ्रिकेतील संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी. आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी सोळाव्या वर्षी केलेल्या एका क्षुल्लक चोरीचे फार बारकाईने विश्लेषण केले आहे. मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची नासपतीची फळे त्यांनी चोरली. भूक नव्हती, फळेही काही विशेष नव्हती. बहुतेक डुकरांपुढे टाकली गेली. मग चोरी कशासाठी? निषिद्ध गोष्ट करण्यातच आनंद होता म्हणून. मनुष्याची इच्छाशक्तीच मुळात वाकडी झालेली आहे आणि आदामाचा दोष जन्मतःच प्रत्येकाच्या पदरी येतो, अशा निष्कर्षाला ते पोहोचले. त्यांचा समकालीन पेलाजियस हा मनुष्य स्वप्रयत्नाने सन्मार्गी होऊ शकतो असे मानणारा. त्याचे मत कार्थेजच्या धर्मसभेने ४१८ साली त्याज्य ठरवले.

हा विचार उथळ नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. आपल्याच मनाच्या तळाशी इतक्या निर्भयपणे पाहणारे ऑगस्टीनसारखे लेखक कोणत्याही परंपरेत थोडेच असतात. त्या परंपरेने पतनावर उपायही सांगितला. मात्र तो बाहेरून येणारा, तारणहाराच्या कृपेने येणारा. येथे हेही नोंदवले पाहिजे की, ज्या यहुदी समाजाची ही कथा मूळची, त्याने जन्मजात पापाचा हा सिद्धान्त स्वीकारला नाही. कुराणातही आदाम आणि त्याची पत्नी दोघेही घसरतात, पश्चात्ताप करतात आणि त्यांना क्षमा मिळते. तेव्हा ‘सर्व धर्मांत एकच कथा आहे’ असे जे सहजपणे म्हटले जाते, ते त्या एका बागेपुरतेही खरे नाही.

मराठीत ही कथा कधी आली? इंग्रजी राज्याच्या कितीतरी आधी. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. साष्टीतील रायतूर येथे १६१६ साली ते छापले गेले. त्यातील ‘पहिल्या पुराणा’त आदाम आणि एवा मराठी ओवीतून अवतरतात. मराठीविषयी त्याने दाखवलेला जिव्हाळा कृत्रिम नाही आणि मराठी माणसाने तो कृतज्ञतेने स्मरावा असाच आहे. मात्र ज्या साष्टीत हे पुराण गायले गेले, तेथील देवळे १५६७ साली पाडली गेली होती आणि गोव्यात धर्मसमीक्षण न्यायालय १५६० पासून बसले होते, हेही त्याच पानावर लिहिले गेले पाहिजे. जुनी पुराणे हिरावली गेलेल्या कुटुंबांना ओवीची भूक होती. स्टीफन्सने ती ओळखली.

तरीही ख्रिस्तपुराणाने मराठी मनाची घडण बदलली नाही. ते काम केले एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी शिक्षणाने. सुशिक्षितांच्या बोलण्यात आणि समीक्षेत ‘निरागसता’ हे सर्वोच्च मूल्य होऊन बसले आणि ‘पतन’ ही परत न येण्याची गोष्ट ठरली. मेनका म्हणजे एवा, इंद्र म्हणजे सर्प, अहल्या म्हणजे कलंक, अशी समीकरणे नकळत मांडली गेली. आपल्याच कथा आपण दुसऱ्याच्या चष्म्यातून वाचू लागलो. चष्मा काढून वाचल्या तर काय दिसते?

प्रथम दिसतो नचिकेता. कठोपनिषदातील हा मुलगा यमाच्या दारी तीन रात्री उपाशी बसतो आणि तीन वर मिळवतो. तिसऱ्या वराने तो मृत्यूनंतरचे रहस्य विचारतो. यम त्याला टाळण्यासाठी शंभर वर्षे जगणारे पुत्रपौत्र, हत्ती, घोडे, सोने, हवे तेवढे राज्य आणि रथ-वाद्यांसह अप्सरा देऊ करतो. नचिकेता त्या सर्वांकडे पाहतो आणि नको म्हणतो. हे सारे उद्यापर्यंत टिकणारे आहे आणि इंद्रियांचे तेज झिजवणारे आहे, असे त्याचे कारण. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, या मुलापासून काहीही लपवलेले नाही. मोहाची संपूर्ण यादी त्याच्यापुढे खुद्द मृत्युदेवानेच वाचली आहे. आणि जे मागू नको म्हणून सांगितले जाते, ते ज्ञानच आहे! बायबलच्या बागेत ज्याने माणूस पडतो, त्याच गोष्टीने कठोपनिषदात तो तरतो. श्रेय आणि प्रेय यांतला फरक ज्याला कळला तो शहाणा, ज्याला या फरकाची वार्ताच नाही त्याला ऋषींनी कोठेही पूज्य मानलेले नाही. अविद्या हे आपल्याकडे स्वर्गाचे नाव नाही.

दोन भरत

मोह केवळ वाईट गोष्टींचाच होतो, असेही आपल्या पुराणांनी मानले नाही. भागवताच्या पाचव्या स्कंधातील भरताची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. ऋषभदेवांचा हा पुत्र. राज्य भोगून, मुलांना वाटून देऊन तो गंडकीच्या तीरी पुलहाश्रमात तपाला बसला. एके दिवशी पाणी पिणाऱ्या गाभण हरिणीने सिंहाची गर्जना ऐकली, तिने भयाने उडी घेतली आणि पाडस नदीत पडले, आई मेली. भरताने ते पाडस वाचवले. यात पाप कोणते? कोणतेच नाही, न वाचवता तर पाप होते. पण पुढे त्याला चारणे, कुरवाळणे, ते दृष्टीआड झाले की व्याकूळ होणे यात एकेक करून सारे नियम सुटत गेले. ज्याने साम्राज्य सोडले होते, त्याला एक हरिण सोडता आले नाही. मरताना डोळ्यांपुढे तेच होते आणि पुढचा जन्म हरिणाचा मिळाला.

युरोपीय कथा असती तर ती येथे संपली असती. भागवतात ती येथून सुरू होते. हरिणाच्या जन्मातही भरताला मागचे स्मरण राहिले. तो कळप सोडून त्याच आश्रमात परतला आणि वाळलेली पाने खात संगापासून दूर राहिला. तिसऱ्या जन्मी तो ब्राह्मणाच्या घरी आला आणि लोकांना मूढ वाटावा असा वागू लागला. हाच जडभरत. सिंधुसौवीरांचा राजा रहूगण याची पालखी त्याच्या खांद्यावर आली आणि पालखीत बसलेल्या राजाने शेवटी खाली उतरून त्या भोयाकडून आत्मज्ञान घेतले.

या देशाचे भारत हे नाव ज्या भरतावरून पडले असे भागवत आणि विष्णुपुराण सांगतात, तो हाच ऋषभपुत्र. दुसरी प्रसिद्ध परंपरा ते नाव दुष्यंत-शकुंतलेच्या पुत्राकडे नेते. पण त्याचा तरी उगम कोठे आहे? विश्वामित्राचे तप भंगले म्हणून शकुंतला जन्मली. मालिनीच्या तीरी टाकलेल्या त्या मुलीला पक्ष्यांनी राखले, कण्वांनी वाढवले आणि तिच्या पोटी भरत आला. कोणताही भरत घ्या, देशाच्या नावामागे एक घसरलेले पाऊल आहे. आपल्या पूर्वजांना याची लाज वाटली नाही. त्यांनी ते नाव अभिमानाने मिरवले.

विश्वामित्राची कथा तर वाल्मीकींनी पायरीपायरीने सांगितली आहे. पुष्करतीर्थी मेनका भेटली आणि दहा वर्षे एका अहोरात्रासारखी निघून गेली. जाग आली तेव्हा मेनका थरथरत, हात जोडून उभी होती. ऋषीने तिला शाप दिला नाही. गोड शब्दांनी निरोप दिला आणि दोष स्वतःकडे घेतला. पुन्हा तप आरंभले. पुढे इंद्राने रंभा पाठवली. या वेळी काम जिंकला गेला, पण क्रोध उसळला आणि रंभेला दहा हजार वर्षे शिळा होण्याचा शाप मिळाला. (शिळा झाली ती रंभा. वाल्मीकींची अहल्या शिळा होत नाही. ती कल्पना नंतरची आहे.) त्या शापासरशी विश्वामित्राचे तप पुन्हा रिते झाले. मग मौन, श्वासावर ताबा, आणि दीर्घ व्रतानंतर जेवायला बसण्याच्या क्षणी ब्राह्मणवेषात आलेल्या इंद्राला सारे अन्न देऊन टाकणे. तेव्हा कोठे ते ब्रह्मर्षी झाले. विषयाच्या चिंतनापासून बुद्धिनाशापर्यंतची जी साखळी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितली आहे, तिची ही जणू गोष्टीरूप उजळणी आहे. साखळीला कड्या असतात, म्हणून ती मध्येच तोडताही येते.

याच कथेच्या लेकीने जर्मन महाकवी गटेला मोहिनी घातली, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. ‘शाकुंतला’चे जर्मन भाषांतर १७९१ साली झाले आणि गटेने त्याच वर्षी तिच्यावर काव्य लिहिले. त्याच्या ‘फाउस्ट’च्या आरंभीचा नाट्यगृहातील प्रवेश संस्कृत नाटकाच्या सूत्रधाराच्या प्रवेशावरून सुचला, असे अभ्यासक मानतात. मोहाला विकला गेलेला हा फाउस्ट शेवटी नरकात जात नाही. आयुष्यभर धडपडत राहिला म्हणून देवदूत त्याला सोडवतात. युरोपच्या प्रतिभेलाही त्या बंद दाराचे ओझे झाले होते, एवढे यावरून म्हणता येईल.

मराठीत खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) ही मोहावरची सर्वाधिक वाचली गेलेली कादंबरी. मराठीला पहिला ज्ञानपीठ पुरस्कार मिळवून देणारे लेखन तेच. पण शाळा-महाविद्यालयांतून ती ‘भोगाचे दुष्परिणाम’ एवढ्या तात्पर्यापुरती उरते. महाभारतातील ययाती हजार वर्षे पुत्राचे तारुण्य भोगून, भोगाने वासना शमत नाही हे स्वतःच्या अनुभवाने जाणतो, तारुण्य पुरूला परत करतो आणि वनात जातो. हे परत करणे तात्पर्यात सहसा येत नाही.

फासे

आता प्रश्न घरातला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचे सूक्त आहे. बेहड्याच्या बियांचे फासे पटावर नाचू लागले की त्याचा निश्चय विरघळतो. बायको दुरावते, सासू तिरस्कार करते, आईबाप आणि भाऊ त्याला ओळखही देत नाहीत. देवस्तुतीच्या ग्रंथात एका घर बुडवलेल्या माणसाचा आक्रोश जपला गेला, हेच मुळात आश्चर्य. शेवटी सवितादेव त्याला शेती कर, जे आहे त्यात आनंद मान, असे सांगतो. शाप नाही. कामाला लावणे आहे.

फासे आता बेहड्याचे नाहीत. गेल्या काही वर्षांत ते प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये आले. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. तो आवश्यकच होता. परंतु कायदा फासे उचलू शकतो. फासे खेळून बसलेल्या मुलाचे काय करायचे, हे कुटुंबालाच ठरवावे लागते. येथे मध्यमवर्गीय घरांत सामान्यतः दोनच गोष्टी घडतात. आधी मुलाला काही कळूच नये म्हणून सारे झाकून ठेवले जाते. मग एक दिवस कर्ज बाहेर येते आणि त्याच मुलाला घराण्याला काळिमा म्हणून वाळीत टाकले जाते. आधी अज्ञान जपायचे आणि मग दार लावायचे! संस्काराच्या नावाखाली चालणारी ही रीत त्या परक्या बागेतली आहे, याची जाणीव किती घरांना असते?

महाभारताने काय केले ते पाहावे. द्यूतात राज्य, भाऊ आणि पत्नी गमावलेला युधिष्ठिर वनात बसला आहे. आपल्याहून दुर्दैवी राजा कोणी झाला का, असे तो बृहदश्व ऋषींना विचारतो. ऋषी त्याला फटकारत नाहीत, नलाची कथा सांगतात. कली बारा वर्षे टपून बसला होता. एका संध्याकाळी नल पाय न धुता संध्येला बसला, तेवढ्या फटीतून तो आत शिरला. नलाने राज्य हरले, वनात झोपलेल्या दमयंतीला टाकले, विद्रूप होऊन तो ऋतुपर्णाचा सारथी झाला. मग एका प्रवासात राजाने बेहड्याच्या झाडावरील पाने व फळे क्षणात मोजून दाखवली, आणि नलाने आपली अश्वविद्या देऊन त्याच्याकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकून घेतले. ते मर्म कळताच कली त्याच्या शरीरातून विष ओकत बाहेर पडला. नलाने शापासाठी उचललेले शब्दही आवरले. कली त्या बेहड्यात शिरला.

कथा संपल्यावर बृहदश्वांनी तेच अक्षहृदय युधिष्ठिराला शिकवले. ज्या गोष्टीने माणूस बुडाला, तिच्याकडे पाठ फिरवायला सांगण्याऐवजी तिचे संपूर्ण ज्ञान त्याला दिले! अज्ञातवासात विराटाच्या सभेत कंक या नावाने तोच युधिष्ठिर फासे हाताळीत राहिला, आणि फाशांनी त्याला पुन्हा धरले नाही. घरातील मुलाला पैशाचे, शरीराचे, व्यसनाचे व्यवहार कसे चालतात हे वेळेवर सांगणारा बाप बृहदश्वाच्या परंपरेतला म्हणावा लागेल. झाकून ठेवणारा नव्हे.

स्त्रीच्या बाबतीत आपला समाज अधिक कठोर झाला, आणि येथे दोष इंग्रजी शिक्षणावर ढकलून सुटका नाही. घराघरांत सकाळी पंचकन्यांचे स्मरण होते आणि त्यात पहिले नाव अहल्येचे आहे. तरीही १९४७ च्या फाळणीत पळवल्या गेलेल्या, म्हणजे ज्यांच्याकडून कोणतीही चूक घडली नव्हती, अशा स्त्रिया परत आल्या, तेव्हा अनेक कुटुंबांनी त्यांना दार उघडले नाही. गांधीजींना आणि नेहरूंना त्यासाठी जाहीर आवाहने करावी लागली. राजिंदरसिंह बेदी यांच्या ‘लाजवंती’ कथेतील नवरा पत्नीला परत घेतो, देवी म्हणून पूजतो. पण तिच्यावर काय गुजरले ते ऐकून घेत नाही. त्या न ऐकण्यात ती पुन्हा उजाड होते. प्रायश्चित्ताचे शास्त्र आपल्याकडे सविस्तर आहे. दोष उघड सांगणे, पश्चात्ताप, तप, अध्ययन आणि दान यांनी मनुष्य शुद्ध होतो, हे मनुस्मृतीही सांगते. प्रायश्चित्त घेणाऱ्याला जवळ करायचे की नाही, हे मात्र शेजारी आणि सोयरे ठरवत आले.

वाल्मीकींनी अहल्येला निर्दोष ठरवण्याचा प्रयत्न केलेला नाही. गौतमांच्या वेषात आलेल्या इंद्राला तिने ओळखले होते आणि देवराजाविषयीच्या कुतूहलाने ती त्याच्या इच्छेला वश झाली, असे बालकांडात स्पष्ट आहे. शापानुसार ती राखेत, वायुभक्षण करीत, कोणाच्या दृष्टीस न पडता त्याच आश्रमात तप करीत राहिली. रामलक्ष्मण आले, तेव्हा प्रथम त्यांनी तिच्या पायांना स्पर्श केला. तिने त्यांचे आतिथ्य केले. आणि शाप देऊन निघून गेलेले गौतम परत येऊन तिच्यासह रामाच्या स्वागतात सामील झाले.

यानंतरचा प्रसंग कीर्तनांत क्वचितच ऐकू येतो. विश्वामित्र रामलक्ष्मणांना घेऊन मिथिलेला पोहोचतात. जनकाचे पुरोहित शतानंद हे अहल्येचे पुत्र. भर यज्ञमंडपात, राजासमोर, ते विश्वामित्रांना विचारतात: माझ्या आईची रामाशी भेट झाली ना? तिच्यावर जे गुदरले ते तुम्ही रामाला सांगितले ना? माझे वडील तिला परत भेटले ना? आईचे नाव घेताना त्यांचा आवाज खाली जात नाही. होकार ऐकून ते रामाकडे वळतात आणि तेथे बसलेल्या विश्वामित्रांचीच कथा सांगू लागतात. तीत मेनका आहे, रंभा आहे, क्रोध आहे, सारे आहे. विश्वामित्र ते शांतपणे ऐकतात.

पुढे सीतेच्या विवाहाची वेदी सिद्ध करायला वसिष्ठ उठले, तेव्हा त्यांनी दोघांना बरोबर घेतले. एक विश्वामित्र आणि दुसरे शतानंद.